ट्रक, मालगाडी की बार्ज? माल पाठवण्याआधीचा हिशोब

अनंत चतुर्दशीची रात्र होती. गावातली मिरवणूक अजून मुख्य चौकातच अडकलेली, आणि स्टेशनवरून फोन आला, "साहेब, तुमचा रेक लागतोय. अकरा-चाळीसची प्लेसमेंट धरा." रेक म्हणजे अख्खी मालगाडी: ४२ वाघिणी, सुमारे २,६०० टन सिमेंट. ५० किलोच्या गोणीनं मोजलं तर ५२ हजार गोण्या. मुकादमाला फोन लावला, तर मागे ताशा असा कडाडत होता की त्याचं मला कळेना आणि माझं त्याला. शहरात अवजड गाड्यांना सकाळपर्यंत बंदी. पहाटे चारला पाऊस सुरू झाला. मालधक्क्याच्या शेडमध्ये मावला तेवढा माल आत घेतला, बाकीच्यावर ताडपत्र्या ओढल्या. रेक रिकामा झाला तेव्हा माल उतरवायला रेल्वे देते त्या मोफत वेळेच्या वर अकरा तास गेले होते.

रेल्वेनं पाठवून टनामागे जे वाचवलं होतं, ते त्या अकरा तासांच्या दंडानं खाल्लं. भिजून दगड झालेल्या गोण्या वेगळ्याच. तेव्हापासून कोणी "ट्रकपेक्षा रेल्वे स्वस्त" म्हणालं की मी विचारतो, कुठून कुठपर्यंत?

हा लेख छोट्या कारखानदारासाठी, डेपो सांभाळणाऱ्यासाठी, शेतकरी कंपनीत "या वर्षी दिल्लीला आपणच माल पाठवू" असं ठरवून बसलेल्यांसाठी आहे. मोठ्या कंपन्यांकडे हे बघायला अख्खा विभाग असतो. आपल्याकडे एक वही असते आणि ओळखीचा ट्रान्स्पोर्टवाला.

पायरी १: आधी माल ओळखा

माल किती टन आहे हे सगळे सांगतात, तो किती जागा खातो हे कुणी सांगत नाही. कुरमुऱ्यांनी ट्रक काठोकाठ भरला तरी काटा जेमतेम हलतो. सळईनं गाडी अर्धीही दिसत नाही आणि पासिंग, म्हणजे गाडीला परवानगी असलेलं वजन, संपलेलं असतं. गाडीचं भाडं मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढंच. म्हणून पहिला आकडा काढायचा तो घनफुटाला किती किलो बसतात याचा. एक गोणी किंवा खोका मोजा, गुणाकार करा, झालं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातून दिल्लीला सरकारी साठ्यातला कांदा रेल्वेनं गेला, 'कांदा एक्स्प्रेस' म्हणून तो गाजला. ४२ वाघिणींत १,६०० टन, म्हणजे एका वाघिणीत साधारण ३८ टन. त्याच जातीच्या वाघिणीत माझं सिमेंट ६२ टन बसायचं. कांद्याला हवा लागते, थप्पी फार दाबून चालत नाही. टनाचा दर काढताना हा फरक लक्षात घेतला नाही, तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

दुसरा प्रश्न, एका वेळी माल किती निघतो? रोज १५ टन निघणाऱ्या माणसाला रेकचं स्वप्न दाखवण्यात अर्थ नाही. २,६०० टन साठेपर्यंत त्याला जवळपास सहा महिने लागतील. तिसरा प्रश्न, माल किती दिवस दम धरतो? द्राक्ष तास मोजतं, कांदा दिवस मोजतो, कोळशाला घाई नसते. चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: माल ओतता येतो की उचलावाच लागतो? धान्य, खनिज, क्लिंकर (सिमेंट दळण्याआधीचा खडा), कोळसा ओतता येतो. गोणी, खोका, क्रेट हातानं किंवा यंत्रानं उचलावा लागतो. पुढच्या बऱ्याच गोष्टी या चौथ्या उत्तरावर ठरतात.

पायरी २: माल किती वेळा उचलला जाणार ते मोजा

सरकारी सादरीकरणांत एक आकडा वर्षानुवर्षं फिरतोय: एक टन माल एक किलोमीटर न्यायला रस्त्यानं अडीच रुपये, रेल्वेनं १ रुपया ३६ पैसे, जलमार्गानं १ रुपया ६ पैसे. त्याच्या जोडीला दुसरा: एका अश्वशक्तीत रस्त्यावर १५० किलो हलतात, रुळावर ५००, पाण्यावर ४,०००. यामागचं भौतिकशास्त्र खरं आहे. लोखंडावर लोखंड कमी घासतं, आणि पाण्यात तरंगणाऱ्या वस्तूला सावकाश ढकललं तर फार जोर लागत नाही.

पण हे सगळे आकडे माल चालत असतानाचे आहेत. मालगाडी आणि बार्ज (सपाट बुडाची मालवाहू बोट) चालताना स्वस्त असतात, थांबल्या की महाग. आणि थांबतात कुठे? जिथे माल उचलावा लागतो तिथे.

कागदावर आपल्या गोदामापासून गिऱ्हाइकाच्या गोदामापर्यंत एक रेघ ओढा. जिथे माल हाताला लागतो तिथे टिंब द्या. ट्रकनं पाठवला तर दोन टिंबं, इथे भरला आणि तिथे खाली केला. रेल्वेनं, तेही साइडिंग (कारखान्यात आलेला स्वतःचा रूळ) नसताना, सहा टिंबं होतात: गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून धक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीत, वाघिणीतून धक्क्यावर, धक्क्यावरून ट्रकमध्ये, ट्रकमधून गोदामात. ट्रक थेट वाघिणीला लावता आला, तर दोन्हीकडची एकेक हाताळणी वाचून चार होतात. प्रत्येक टिंबाला हमाली आहे, फाटाफूट आहे, चोरीची संधी आहे आणि वाट बघणं आहे.

आता हिशोब करू. खालचे दर फक्त गणितासाठी धरलेत, तुमच्या भागातले घाला. ट्रक टन-किलोमीटरला ३ रुपये. रेल्वे १ रुपया ७५ पैसे, आणि दोन्ही टोकांची स्थानिक गाडी, जादा हमाली, धक्क्याचा खर्च मिळून टनाला ७०० रुपये. दर किलोमीटरला रेल्वे सव्वा रुपया वाचवते. ७०० ला सव्वानं भागलं की ५६० किलोमीटर. म्हणजे ३०० किलोमीटरवर ट्रक ९०० रुपयांत जातो आणि रेल्वे १,२२५ मागते. हजार किलोमीटरवर ट्रकचे ३,००० आणि रेल्वेचे २,४५०.

हाच हिशोब दोन्ही टोकांना स्वतःची साइडिंग धरून करा. जादा खर्च ७०० चा १५० होतो आणि रेल्वे १२० किलोमीटरलाच परवडायला लागते. औष्णिक वीज केंद्रांचा कोळसा जवळच्या खाणीतूनही रेल्वेनं येतो आणि आपल्या गोण्या चारशे किलोमीटर ट्रकनं जातात, त्याचं कारण हे आहे. रेल्वे कुणावर मेहरबान असते असं नाही, त्यांच्या कागदावर टिंबं कमी असतात.

कांदा एक्स्प्रेसचा जाहीर झालेला हिशोबही असाच तपासून बघा. नाशिकहून दिल्लीला एका रेकचे ७० लाख २० हजार, तोच माल ५६ ट्रकनं नेला तर ८४ लाख. वाचले १३ लाख ८० हजार. ट्रकमागे पावणेपंचवीस हजार ऐकायला भरपूर वाटतात. पण १,६०० टनांवर वाटले की क्विंटलला ८६ रुपये. ट्रक थेट मंडईच्या गाळ्यासमोर लागतो. रेक स्टेशनात लागतो. तिथून गाळ्यापर्यंतची हमाली, छोटी गाडी आणि एका दिवसाची घट ८६ रुपयांत बसते का, हे बघूनच ठरवायचं. सरकारच्या हातात माल एकगठ्ठा असतो, म्हणून त्याला ते जमतं. वीस वेगवेगळ्या व्यापाऱ्यांचा माल एका रेकमध्ये घालायचा तर वाहतुकीआधी भांडणं सोडवावी लागतील.

पायरी ३: ट्रक ठरवताना

महाराष्ट्रातला बहुतेक वाचक शेवटी इथेच येणार, म्हणून जरा सावकाश सांगतो.

गाडीची भाषा चाकांत चालते. छोटा हत्ती, आयशर, सहाचाकी, दहाचाकी, बाराचाकी आणि पुढे ट्रेलर. २०१८ मध्ये केंद्रानं धुरीवरच्या (अ‍ॅक्सलवरच्या) वजनाची मर्यादा वाढवली. दोन धुऱ्यांच्या सहाचाकीचं एकूण वजन १८.५ टन आणि तीन धुऱ्यांच्या दहाचाकीचं २८.५ टन झालं. यात गाडीचं स्वतःचं वजन धरलेलं असतं. ते वजा करून दहाचाकीत साधारण अठरा-एकोणीस टन माल बसतो. गाडीच्या बांध्याप्रमाणे फरक पडतो, म्हणून आरसी बुकातलं पासिंग बघा आणि रिकाम्या गाडीचा काटा करून घ्या.

"दोन टन जास्त टाकतो, काही होत नाही," असं म्हणणारा भेटतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार दंड आणि वर दर जादा टनाला २ हजार आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेतात. रात्री दोनला हायवेवर दोन टन गोण्या कुठे उतरवणार? आणि 'भरायला लावणारा' म्हणून माल पाठवणाऱ्याचंही नाव त्यात येऊ शकतं.

भाडं ठरतं ते परतीच्या मालावर. ज्या गावाहून परतीचं भाडं मिळतं, तिथे जायला गाडी स्वस्तात तयार होते. जिथून गाडी रिकामी येते, तिथे तुम्ही दोन्ही बाजूंचे पैसे देता, मग बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याच्या पावतीवर, एकच बाजू लिहिलेली असो. त्यामुळे भाव करण्याआधी मी विचारतो, "तिकडून काय भरणार?" ड्रायव्हर "सफरचंद" म्हणाला की भाव उतरवायला जागा आहे. तो नुसता हसला तर जागा नाही.

ठरवताना या गोष्टी तोंडी ठेवू नका: भाडं टनावर की गाडीवर, अ‍ॅडव्हान्स किती आणि बाकी कधी, गाडी थांबली तर हॉल्टिंग किती तासांनंतर आणि किती, टोल कुणाचा, हमाली कुणाची. शेवटच्या मुद्द्यावर महाराष्ट्रात जेवढी तोंडं वाजतात तेवढी दुसऱ्या कशावर वाजत नाहीत. माथाडी कायदा १९६९ चा. त्याखाली नोंदीत कामगार, मंडळ, लेव्ही असं सगळं आहे. त्याच्या बाहेर 'वाराई' नावाचा प्रकार आहे, गाडी भरताना-उतरवताना ड्रायव्हरकडून घेतली जाणारी रक्कम. वाहतूकदारांची घोषणाच आहे, "ज्याचा माल त्याचा हमाल." मला ती पटते. मी वाराईचा आकडा आधीच विचारून भाड्यात धरतो. न धरला तर ड्रायव्हर तो भरतो, आणि मग तुमच्या मालावरची ताडपत्री नीट बांधायचा त्याचा उत्साह कमी होतो.

गाडी दारात आली की भरण्याआधी पाच मिनिटं घाला. नंबर टाकून फिटनेस, विमा आणि परमिटची तारीख तपासा. हौद्यात चढून फळ्या बघा. खिळा वर आलेला असेल तर ठोका, कारण एक खिळा दहा गोण्या फाडतो. आधीचा माल काय होता तेही विचारा. मासळी किंवा खताच्या गाडीत गूळ भरलेला मी पाहिलाय. गिऱ्हाइकानं तो परत पाठवला तो वासावरूनच.

कोकण किंवा गोव्याकडचा माल असेल तर एक जोडरस्ता आहे. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून नेते. रायगडातलं कोलाड, गोव्यातलं वेर्णे आणि मंगळूरजवळचं सुरतकल ही त्याची ठिकाणं. ड्रायव्हर बरोबर असतो, घाटातलं डिझेल आणि टायर वाचतात. टिंबांच्या हिशोबात ही फार हुशार युक्ती आहे, कारण मालाला कुणी हातच लावत नाही. हे बुकिंग ट्रकवाला करतो. तुम्ही फक्त विचारायचं, आणि वाचलेल्या डिझेलमध्ये आपला वाटा मागायचा.

पायरी ४: मालगाडी, आणि तिची घड्याळं

रेल्वेकडे तीन दारं आहेत.

सगळ्यात लहान दार पार्सलचं. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून शालिमारला शंभरावी. छोट्या शेतकऱ्याच्या चार-दोन क्रेटही त्यात गेल्या. भाजीपाला-फळांना भाड्यात निम्मं अनुदान होतं, म्हणून ते गणित जुळलं. पार्सलनं पाठवायचं तर अनुदान शून्य धरून हिशोब करा. मिळालं तर बोनस समजा.

मधलं दार कंटेनरचं. नागपूरसारख्या ठिकाणच्या डेपोतून कंटेनर रेल्वेनं जेएनपीटी बंदरात जातात. तुमचा एकच कंटेनर असला तरी चालतं, बाकीचे दुसऱ्यांचे असतात. माल कारखान्यात एकदा भरून सील झाला की पुढे क्रेन लोखंडाला उचलते, मालाला नाही. टिंबं दोनच राहतात. वजनदार मालाला २० फुटी घ्या, हलक्या पण जागा खाणाऱ्याला ४० फुटी. साध्या निर्यातदारासाठी मला हेच दार सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

मोठं दार म्हणजे पूर्ण रेक. तो मागायचा तर रेल्वेकडे पार्टी म्हणून नोंद करायची, ऑनलाइन मागणी नोंदवायची (याला सगळे इंडेंटच म्हणतात), नोंदणीची रक्कम भरायची आणि वाट बघायची. बंद वाघिणींचा रेक जुन्या प्रकारात ४२ वाघिणींचा, नव्या उंच पण आखूड प्रकारात ५८ चा. एवढा माल नसेल तर मिनी रेक किंवा दोन ठिकाणी उतरवायचा रेक मिळतो का, ते जवळच्या मालधक्क्यावरच्या पर्यवेक्षकाला प्रत्यक्ष जाऊन विचारा. फोनवर "बघू" म्हणणारे लोक समोर चहा घेताना खरं सांगतात.

रेक लागला की घड्याळ सुरू होतं. मोफत वेळ वाघिणीचा प्रकार आणि चढ-उतार हातानं की यंत्रानं यावर ठरते. समजा नऊ तास मिळाले. ५२ हजार गोण्या भागिले नऊ, तासाला पावणेसहा हजार, मिनिटाला शहाण्णव. वाचायला सोपं वाटतं. आता हौद्यात १६ टन घेणाऱ्या स्थानिक गाड्या धरा, १६३ खेपा होतात. एका गाडीला भरणं, जाणं, खाली करणं आणि परत येणं यात सव्वादोन तास लागले, तर नऊ तासांत तिच्या चार खेपा. म्हणजे एकेचाळीस गाड्या, एकही न बिघडता, एकही ड्रायव्हर जेवायला न जाता. गोदाम लांब असेल तर आणखी गाड्या. हे जमणार नसेल तर माल धक्क्यावर उतरवून रेक मोकळा करायचा आणि मग धक्क्यावरून उचलायचा. त्यात एक टिंब वाढतं, पण रेकचं मीटर थांबतं.

डेमरेज, म्हणजे मोफत वेळ उलटल्याचा दंड, लागतं दर वाघिणीला, दर तासाला, आणि अपुरा तास पूर्ण धरून. त्या रात्रीचे माझे अकरा तास म्हणजे ४६२ वाघीण-तास. रेक मोकळा झाला तरी धक्क्यावर पडलेल्या मालाला व्हार्फेज लागतं. ही दोन वेगळी घड्याळं आहेत आणि पहिल्या वेळी सगळेच ती एक समजतात. डेमरेज माफीसाठी अर्ज करता येतो, त्यासाठी लेखी कारण आणि त्याच दिवसाचे पुरावे लागतात. मी पावसाचे फोटो काढले होते. शहरात गाड्यांना असलेल्या बंदीचा आदेश मात्र जोडला नव्हता, आणि नेमका तोच मागितला गेला.

रेक बुक करण्याआधी म्हणून ही तयारी करा. मुकादमाशी दोन टोळ्यांचं बोलून ठेवा, एक दिवसाची, एक रात्रीची. गाड्या ठरवा. गोदामात जागा रिकामी करा. ताडपत्र्या मोजा. आणि कॅलेंडर उघडा. पोळा, विसर्जन, दिवाळीची भाऊबीज, गावची जत्रा, ऊसतोडीचा हंगाम. रेल्वेला यातलं काहीच माहीत नसतं. वाटेवर घाट असेल तर एखादा तास इकडे-तिकडे धरून चाला. बोरघाट आणि थळघाट दोन्हींचा चढ ३७ ला १ असा आहे, मालगाडीला मागून जोर लावणारी जादा इंजिनं लागतात, आणि ती मिळेपर्यंत गाडी खाली उभी राहू शकते.

पायरी ५: पाणी

२०१६ च्या कायद्यानं देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. नकाशा बघून बऱ्याच जणांना वाटलं, आता गोदावरीतूनही माल जाईल. नदी कायद्यानं जलमार्ग होते, पण बार्ज चालायला बारमाही खोली, धक्का आणि दोन्ही टोकांना मोठा माल लागतो. आपल्याकडे हे जिथे खरंच जमलंय ते खाड्यांमध्ये. रायगडातली अंबा नदी हा राष्ट्रीय जलमार्ग १०. धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल पाण्यानं येतो, जयगडहून छोटी मालवाहू जहाजं समुद्रातून वर येऊन खाडीत शिरतात. माल ओतायचा, गिऱ्हाईक एकच, कारखाना धक्क्याला लागून. मघाच्या चारही प्रश्नांची उत्तरं इथे एकाच बाजूला पडतात.

गोव्यात तर ही वाहतूक कित्येक दशकं अंगवळणी पडलेली. खाणीतून टिपरनं नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून हजार ते अडीच हजार टनांच्या बार्जमध्ये, मांडवी किंवा झुआरीतून मुरगावला. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा बांध आणि लाटा यांमुळे मांडवीचं मुख धोक्याचं होतं, तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायच्या. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा बार्जमालक रिकाम्या हातानं बसले. एकाच मालावर उभी असलेली वाहतूक अशीच अडकते. बार्ज दुसरीकडे नेऊन कांदे भरता येत नाहीत.

समजा तुम्ही अशा खाडीच्या काठावर आहात आणि वाळू, खडी, कोळसा किंवा क्लिंकर असा माल आहे. मग पहिलं काम पंचांग. खाडीत पाणी भरतीनं येतं आणि भरती तिथीनं. कोकणात जुना आडाखा आहे, तिथीला पाऊण पट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी भरपूर चढतं, बार्ज पूर्ण भरता येते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं, तेव्हा तीच बार्ज कमी भरावी लागते, नाहीतर ती वाटेत गाळावर बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत तांडेल, खलाशी आणि तुमचा माल सगळे तिथेच. आडाखा तोंडी हिशोबाला ठीक आहे. बार्ज ठरवताना छापील भरती-ओहोटीचं कोष्टकच बघायचं, आणि टनाचा दर उधाणाच्या भरावर न धरता महिन्याच्या सरासरीवर धरायचा. बार्जवाला उधाणाचाच सांगतो.

बार्जमधल्या मालाचं वजन काट्यावर होत नाही. बार्जच्या अंगावर खुणा असतात, भरण्याआधी आणि भरल्यावर ती किती बुडाली ते वाचून टन काढतात. चारही कोपऱ्यांच्या खुणा वाचायच्या, पाणी शांत असताना वाचायच्या, आणि आपला माणूस होडीतून सोबत जायला हवा. दोन-चार सेंटिमीटरच्या वाचनात कित्येक टन इकडचे तिकडे होतात.

गंगेचं उदाहरण सगळे देतात म्हणून सांगतो. हल्दिया ते प्रयागराज १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग १. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोलकात्याहून आलेल्या जहाजानं १६ कंटेनर वाराणसीला उतरवले, मोठा समारंभ झाला. कंटेनरच्या एका मालगाडीत २० फुटी ९० कंटेनर बसतात. म्हणजे पाण्यावर माल स्वस्तात तरंगतो हे खरं, पण जहाज भरायला तेवढा माल आणि परतीचा माल हवा. ट्रकवाल्याला विचारतो तोच प्रश्न इथेही: तिकडून काय भरणार?

पायरी ६: दिवसांचे पैसे मांडा

हा भाग बहुतेक लोक वहीत लिहीतच नाहीत. टनाला ४० हजारांचा माल असेल, तर २,६०० टनांचे १० कोटी ४० लाख झाले. वर्षाला १२ टक्के व्याजानं एका दिवसाचे ३४ हजार. रेल्वेला ट्रकपेक्षा चार दिवस जास्त लागले तर १ लाख ३७ हजार, टनाला सुमारे ५३ रुपये. सिमेंटसारख्या स्वस्त मालाला हे थोडं वाटतं, तांब्याच्या तारेला थोडं नाही. शिवाय रेकभर माल एकदम पोचतो, तो विकायला गिऱ्हाइकाला महिना लागत असेल तर त्या महिन्याचं गोदामभाडं आणि व्याज कुणाचं, हेही बोलून घ्या. ट्रकनं तोच माल रोज थोडा थोडा गेला असता.

पायरी ७: कागद आणि पोहोच

५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना) लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावर. ताज्या भाज्या-फळांसारख्या काही मालाला सूट आहे. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. ट्रक बिघडला आणि माल दुसऱ्या गाडीत घातला, तर बिलाच्या भाग 'ब' मध्ये नव्या गाडीचा नंबर टाका, मगच गाडी हलवा. रेल्वेनं गेलेला माल ई-वे बिल दाखवल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून आरआरबरोबर (रेल्वेच्या पावतीबरोबर) त्याची प्रत घेणाऱ्याच्या हातात आधी पोचवा. माझा एक रेक धक्क्यावर निव्वळ एका प्रिंटसाठी दोन तास ताटकळलाय.

माल पोचला की पोहोचपावतीवर सही होते. तिथे आपल्या माणसाला एकच शिकवा: कमी किंवा भिजलेला माल असेल तर सहीच्या वर लिही, "१२ गोण्या भिजलेल्या, ३ कमी." ड्रायव्हर घाईत असतो, हमाल घाईत असतात, आणि "नंतर बघू" म्हणून कोरी सही जाते. त्यानंतरचं भांडण तुम्ही हरलेलं असतं. विम्यावाल्याला फोन माल हलवायच्या आधी करा, फोटोत गाडीचा नंबर येऊ द्या.

नुकसानीच्या नोटिशीलाही घड्याळ आहे. ट्रकच्या बाबतीत रस्ता वाहतूक कायद्यानुसार, माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस जायला हवी, रेल्वेसाठी सहा महिन्यांत. दोन्ही मुदती माल सोपवल्याच्या तारखेपासून धरा, तो पोचल्याच्या तारखेपासून नाही. बिल्टी किंवा आरआर हातात पडली की त्याच दिवशी तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं शेवटची तारीख लिहून ठेवतो मी, कारण सहा महिन्यांनी ती फाईल शोधणारा माणूस बहुधा दुसराच असतो.